कंबर आधी कोणाला दाखवायची?

आमच्या तळेगावात (श्यामजी पंत) कंबरेत उसण भरली की आधी पायाळू माणूस शोधतात. त्यानं पाठीला पाय लावूनही उतार पडला नाही तर मालिश, मग मेडिकलमधली गोळी, आणि शेवटी अमरावती नाहीतर नागपूर. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत कंबरेतली चमक माझ्या डाव्या पोटरीपर्यंत उतरली, तेव्हा मीही याच वाटेनं गेलो. एका दवाखान्यात अंगाला हात न लावताच एमआरआय लिहून दिला. "गादी सरकली, वाकू नका," एवढं ऐकून मी खाट धरली. हंगाम ऐन भरात आणि घरातला कर्ता माणूस आडवा, ही धास्ती दुखण्याहून मोठी होती.

मुलीनं आर्वीच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमचं नाव काढलं. डॉक्टरची चिठ्ठी लागेल का, असं मी फोनवर विचारलं. "नाही काका, सरळ या," त्या म्हणाल्या.

रिपोर्टची पिशवी त्यांनी बाजूला ठेवली आणि आधी मलाच तपासलं. टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला, गुडघ्याखाली हातोडी मारली, दोन्ही पायांच्या बोटांना कापूस लावून फरक विचारला. लघवी अडते का, ताप येतो का, वजन घटलं का, हेही खोदून विचारलं. "यातलं काही असतं तर आत्ताच मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं. तुमच्या वयात दुखणं नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही गादी सरकलेली दिसते. झोपून राहू नका, चाला."

मग त्यांनी फवारणीचा पंप कसा उचलता ते करून दाखवायला लावलं. सोळा लिटरचा भरलेला पंप मी जमिनीवरून, कंबरेत वाकून, एका खांद्यावर ओढत असे. "बांधावर ठेवून भरा, दोन्ही पट्टे घालून उभे राहा." एवढी साधी गोष्ट मला तोवर कोणी सांगितली नव्हती. व्यायाम घरीच करायचे होते. काही आठवड्यांत पोटरीतली चमक कंबरेकडे सरकली, मग तिथूनही ओसरली.

ही विद्या आपल्याकडे काही नवी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1953 साली देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं शिक्षण सुरू झालं. ऑस्ट्रेलियात 1976 पासून रुग्ण चिठ्ठीशिवाय फिजिओथेरपिस्टकडे जातो, ब्रिटनमध्ये तर आता फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातच सांधे-स्नायूंच्या दुखण्याला फिजिओथेरपिस्टच आधी भेटतो. आपल्या वर्धा जिल्ह्यात सावंगी (मेघे) इथं फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. तरीही गावाकडे फिजिओथेरपिस्ट लकवा झाल्यावर किंवा ऑपरेशननंतरच आठवतो, याचं मला फार वाईट वाटतं. डवरणी, वेचणी, संत्र्याची क्रेट उचलणं, यात कंबर-खांदे झिजवणाऱ्यांनाच त्याची खरी गरज आहे.

पडून मार लागला असेल, लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल, जांघेत बधिरपणा असेल किंवा पायातली ताकद झपाट्यानं जात असेल, तर क्षणही न दवडता मोठं रुग्णालय गाठा. एरवी कंबर, मान, गुडघा धरला तर आधी नोंदणीकृत, पदवीधर फिजिओथेरपिस्टला दाखवा. आणि सरकारनं आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आठवड्यातून एक दिवस तरी त्याला बसवावं. शेतकऱ्याला त्यासाठी वेचणीची मजुरी बुडवून एसटीनं तालुका गाठावा लागू नये.