काचेच्या पायथ्याची ओल

नळकाम आणि गळतीची दुरुस्ती या धंद्यात माझी ३७ वर्षे गेली. त्यांतली पहिली ११ धुळ्यात आणि पुढची सारी जळगावात. इतक्या वर्षांत, ओल जेथे दिसली तेथेच तिचा उगमही सापडला, अशी घरे मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. पाणी लाकडाच्या शिरांतून आणि लाद्यांच्या पोटाखालून दहा-दहा फूट चालत जाते, आणि जेथे त्याला अटकाव होतो तेथे भिंतीवर उमटते; त्या डागावर सिमेंट थापणे म्हणजे फिर्याद घेऊन आलेल्यालाच कोठडीत टाकण्यासारखे आहे.

गेल्या वैशाखात, जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात असता, एका ओळखीच्या कुटुंबातून निरोप आला. गृहस्थ मूळचे पारोळ्याकडचे, कापसाच्या व्यापारात हयात घालवलेले. मुलाने हौसेने माडीवर नवे स्नानगृह बांधले होते. त्यात पांढरा शुभ्र टब, आणि टबाच्या काठावर उभा केलेला, शॉवरचे तुषार अडवणारा काचेचा पडदा. ज्या मुलखात घंगाळात पाणी विसणून मोरीतल्या दगडावर बसून स्नान करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तेथे ही वस्तू अजून नवखी आहे, आणि तिची प्रकृती ओळखणारे कारागीरही थोडे. दोन जण येऊन सिलिकॉन भरून गेले होते. तरीही स्नानानंतर काचेच्या पायथ्याशी थारोळे साचे, शेजारच्या खोलीच्या चौकटीचे लाकूड फुगले होते आणि भिंतीच्या रंगाला पोपडे आले होते. “आप्पा, पानी कथाईन येस हाईच समजस नई,” असे ते मला अगदी काकुळतीने म्हणाले.

प्रथम मी पडद्याला हातच लावला नाही. टबाबाहेरची लादी फडक्याने कोरडी पुसून तिच्यावर जुनी वर्तमानपत्रे अंथरली. टब भरला, रिकामा केला; कागद कोरडेच राहिले, म्हणजे टबाच्या निचऱ्याचा नळ आणि त्याचे सांधे निर्दोष ठरले. मग शॉवर न सोडता, तांब्याने एकेका जागी थोडे थोडे पाणी घालीत गेलो: आधी भिंतीच्या लाद्यांवर, मग काचेच्या उभ्या कडेवर, शेवटी पायथ्याशी. घाईने सारे एकदम भिजवले की सारेच संशयित ठरतात. एकेकाचा जबाब स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. भिंतीच्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर पाणी घातले तेव्हा मिनिटभरात कागदाच्या कडेला करड्या रंगाचा एक अर्धचंद्र उमटला आणि पाहता पाहता पसरू लागला. टबाच्या काठावर पाणसळ ठेवली, तर तिच्यातला बुडबुडा आतल्या बाजूला सरकलेला. म्हणजे काठाचा उतार बाहेरच्या अंगास होता. टबाचा एक पाय खचला होता.

परंतु केवळ उताराने एवढी हानी झाली नसती. खरा घात केला होता तो सिलिकॉनने, आणि तोही उदारहस्ते भरलेल्या. पडद्याची तळची चौकट पोकळ असते. तीत थोडेफार पाणी शिरणारच, हे गृहीत धरूनच ती घडवलेली असते, आणि शिरलेले पाणी पुन्हा टबात उतरावे म्हणून तिची आतली कड मोकळी ठेवून बाहेरचीच कड बंद करावयाची असते. आधीच्या कारागिरांनी दोन्ही कडा लिंपून टाकल्या होत्या. आतली कड मी पात्याने कापली तेव्हा आत कोंडलेले, साबणाने गढूळ झालेले, कुबट वासाचे ओंजळभर पाणी माझ्या हातावर आले. परतीची वाट बंद झालेले ते पाणी चौकटीच्या टोकाशी असलेल्या केसाएवढ्या फटीतून भिंतीत शिरत होते.

धुळ्यात मी ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकलो, ते मूळचे गवंडी. धाब्याच्या घरांची डागडुजी करण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले. खानदेशातली ती मातीची सपाट छपरे आता झपाट्याने नाहीशी होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक विद्याही जात आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. मृग निघण्यापूर्वी उस्ताद धाब्यावर चढत, खारी माती पसरून चोपीत, आणि पन्हळीकडे बोटभर उतार साधला की नाही हे घागरभर पाणी ओतून पाहत. मी एकदा गळक्या जागी मातीचा जाड थर चढवू लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “पानीले वाट दे, भाऊ.” त्या एका वाक्यावर माझा सारा व्यवसाय उभा आहे. साक्री आणि धुळे तालुक्यांत पांझरा नदीवर ज्यांनी कित्येक शतकांपूर्वी फड सिंचनपद्धतीचे बंधारे बांधले, त्यांनीही नदी कोंडली नाही. भिंतीने पाण्याची पातळी उंचावून हवे तेवढे पाटात घेतले आणि उरलेले सांडव्यावरून नदीला परत दिले, म्हणूनच त्यांतले काही बंधारे आजही भिजवणीच्या कामी येतात. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण अभियंता विश्वेश्वरय्यांनी आरंभीच्या काळातच याच पांझरेच्या खोऱ्यात नळाचा सायफन बांधला; तेथेही पाण्याच्या स्वभावाशी झगडा नव्हता, त्याच्या पातळी शोधण्याच्या वृत्तीचाच उपयोग करून घेतला होता.

दुरुस्तीला दीड दिवस लागला, आणि त्यातला बहुतेक वेळ जुने काढण्यात गेला. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन धरत नाही. तेव्हा ते पात्याने खरवडून, स्पिरिटने पुसून, काच आणि टबाचा काठ उघडा करावा लागला. विंधनविहिरीच्या जड पाण्याने काचेवर चढवलेला क्षाराचा पांढरा थर लिंबाच्या रसाने उतरवला. खचलेल्या पायाखाली पोलादी चकत्या सरकवून काठाचा उतार आत वळवला. काचेच्या तळाची रबरी पट्टी ताठरली होती; ती बदलून नव्या पट्टीची पात टबाच्या दिशेने राहील अशी बसवली.

सिलिकॉन भरण्यापूर्वी मी टब काठोकाठ भरून घेतला, तेव्हा घरच्या मंडळींना आश्चर्य वाटले. पण १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो वजन. त्या भाराने टब किंचित दबतो आणि भिंतीशी असलेला सांधा उघडतो. रिकाम्या टबाचा सांधा भरला तर पहिल्याच स्नानाला तो ताणला जाऊन फाटतो. भरल्या टबाचा भरला तर पाणी सोडल्यावर तो दाबात राहतो. भिंतीचा सांधा आणि चौकटीची बाहेरची कड एवढेच भरले. ओल्या बोटाने एकदाच, न थांबता, रेघ ओढली. आतली कड मोकळीच ठेवली.

आणखी एक गोष्ट आपल्या हवेत विसरता कामा नये. सिलिकॉन उन्हाने वाळत नाही, हवेतल्या ओलाव्याने पिकते. आणि वैशाखातली खानदेशची हवा इतकी कोरडी असते की वरची साय धरली तरी पोट कच्चे राहते. म्हणून खोलीत पाण्याची एक बादली ठेवून तिच्यावर ओले पंचे वाळत घातले, दार लावून घेतले, आणि दोन दिवस टब भरलेलाच ठेवून कोणी त्यात उतरू नये अशी सक्त ताकीद दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर्तमानपत्रे अंथरली आणि शॉवर अर्धा तास सोडला. चौकटीच्या आतल्या कडेतून पाण्याचे बारीक मणी एकामागून एक टबात उतरत होते. कागद उचलून मी त्या गृहस्थांच्या हाती दिला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिला आणि घडी घालून ठेवला. सामानात सिलिकॉनची एक नळी, एक रबरी पट्टी आणि तीन पोलादी चकत्या लागल्या.