उज्जैन : कागदावरचं आणि फोनमधलं

महाकालाच्या दर्शनाला येणाऱ्या अनेक कुटुंबांचा मुक्काम फ्रीगंजमध्ये असतो. स्टेशन जवळ, खाण्यापिण्याची सोय, रुंद रस्ते आणि रिक्षावाल्याला सांगायला सोपी खूण म्हणजे टॉवर चौकातलं घड्याळ. माधवनगर हे याच भागाचं दुसरं नाव. इथले रस्ते आखीव आहेत, त्यामुळे फोनवरचा नकाशा आणि समोरचा रस्ता यांचं छान जमतं. जुन्या शहरात शिरलं की मात्र दोघांची फारकत होऊ लागते.

फ्रीगंज आणि जुनं शहर यांच्यामध्ये रेल्वेमार्ग आहे. तो ओलांडायच्या जागा मोजक्या, आणि फ्रीगंजच्या पुलावर कायम वर्दळ. कागदी नकाशा टेबलावर पसरला की ही रुळांची रेघ आधी नजरेत भरते. मग पश्चिमेकडे बोट सरकवत जायचं : रेल्वे, जुनं शहर, महाकाल, हरसिद्धी, रामघाट आणि क्षिप्रा. नदी साधारण दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. दक्षिणेला त्रिवेणी, मध्ये रामघाट, उत्तरेला मंगलनाथ आणि सिद्धवट. नदी आणि रेल्वे या दोन रेघा लक्षात ठेवल्या की उज्जैनचा सांगाडा डोक्यात बसतो. फोन आपल्याला ‘चारशे मीटरवर डावीकडे वळा’ एवढंच सांगतो. आपण पोहोचतो, पण कुठून कुठे आलो ते कळत नाही.

फोनचं तंत्र कमी प्रतीचं आहे, असं मुळीच नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांपैकी किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की संकेत पोहोचायला लागलेल्या वेळावरून फोन आपली जागा काढतो. मोकळ्या आकाशाखाली ती काही मीटरच्या फरकाने बरोबर येते. गोपाळ मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत संकेत भिंतींवर आपटून येतात आणि पडद्यावरचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते : जागा शोधायला इंटरनेट लागत नाही, पण त्या जागेभोवतीचा नकाशा दिसायला लागतं. पर्वणीच्या गर्दीत नेटवर्क कोलमडलं की ठिपका दिसतो आणि भोवताली कोरा पडदा.

त्यात महाकाल मंदिरात डिसेंबर २०२२ मध्ये मोबाईलबंदी लागू झाली. म्हणजे जिथे गर्दी सर्वाधिक, रांग वळणावळणाची आणि बाहेर पडायचा रस्ता आत शिरलो त्याहून वेगळा, नेमकं तिथेच फोन हातात नसतो. आम्ही गेलो तेव्हा निघण्याआधी खोलीतच हॉटेलच्या कागदावर दोन रेघा आणि पाच ठिपके काढले होते. ‘चुकामूक झाली तर हरसिद्धीच्या दीपमाळांपाशी थांबायचं,’ असं ठरलं होतं. दर्शनानंतर खरोखरच आई गर्दीत मागे राहिली. तिचा फोन आमच्याजवळच्या पिशवीसोबत जमा होता. अर्धा तास आमच्या जिवात जीव नव्हता. ती मात्र लोकांना विचारत दीपमाळांपाशी येऊन निवांत बसली होती. ‘अरे, मराठी देवळातल्यासारख्या दोन मोठ्या दीपमाळा, कोणीही दाखवतं,’ म्हणाली.

गंमत म्हणजे जगाच्या नकाशाची शून्य रेघ एके काळी याच गावातून जात होती. आपल्या ज्योतिर्गणितात लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांना जोडणारी रेषा हे मध्यान्हवृत्त मानत. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ग्रीनिचची रेषा शून्य ठरली. आज उपग्रह जी शून्य रेषा मानतात ती ग्रीनिचच्या प्रसिद्ध रेघेपासूनही सुमारे १०२ मीटर पूर्वेला आहे. नदीकाठची वेधशाळा, म्हणजे जयपूरच्या सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेलं जंतरमंतर, मुलांना जरूर दाखवा. माधवराव शिंद्यांच्या काळात १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तिथलं काम सांभाळलं. सम्राट यंत्राची सावली उज्जैनची स्थानिक वेळ दाखवते. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर चालतं आणि उज्जैन सुमारे ७५.८ अंशांवर आहे, म्हणून इथला सूर्य घड्याळाच्या सरासरी २७ मिनिटं मागे असतो. रेखांश म्हणजे काय, हे मुलांना समजवायला याहून चांगली जागा नाही.

कागदाच्याही आधीचा एक नकाशा इथे अजून वापरात आहे. पंचक्रोशी यात्रेत हजारो माणसं सुमारे ११८ किलोमीटर चालतात. तिथल्या पंचांगाने ती वैशाख कृष्ण दशमीला सुरू होते. आपल्या पंचांगात तो चैत्र वद्य पक्ष. सुरुवात पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराच्या दर्शनाने होते आणि पिंगळेश्वर, कायावरोहणेश्वर, बिल्वकेश्वर, दुर्दुरेश्वर असे चार दिशांचे चार द्वारपाल वाटेत येतात. दिशा देवांच्या नावांनी पाठ असल्यामुळे खेड्यातली म्हातारी माणसंही कुणाला न विचारता सांगतात की आता आपण शहराच्या कुठल्या अंगाला आहोत.

२०२८ मध्ये सिंहस्थ आहे. त्या काळात रस्ते एकेरी होतात, काही बंद होतात, वाहनं शहराबाहेर थांबतात. ऐन वेळी बदललेला रस्ता फोनला कळेलच असं नाही. पोलिसांचा फलक आणि स्वयंसेवकाचं बोट यांवर जास्त भरवसा ठेवावा लागतो. आणि त्यांनी ‘नदीकडे जा’, ‘स्टेशनच्या बाजूला वळा’ म्हटलं, तर नदी कुठे आणि स्टेशन कुठे हे आपल्याला ठाऊक हवं.

म्हणून जाण्याआधी एवढं करा. शहराचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. रात्री उशिरा पोहोचणार असाल, दवाखाना शोधायचा असेल, तर फोनसारखा सोबती नाही. पण निघायच्या आदल्या संध्याकाळी आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन एका कागदावर नदी, रेल्वे, मुक्काम, मंदिर आणि भेटायची जागा काढा. प्रत्येकाच्या खिशात मुक्कामाचा पत्ता आणि घरच्या दोघांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. नकाशा मुलांनाच काढू द्या. रेघ जरा वाकडी आली तरी चालेल.