शिक्का नसलेली चांदी

नांदेडहून नायगाव, देगलूर, औराद करत बीदर गाठताना काळीभोर रेगूर माती मागे पडते आणि जमीन तांबडी होऊ लागते. बीदर जांभ्याच्या पठारावर वसले आहे; किल्ल्याची तटबंदीही त्याच दगडाची. 1956 पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते. पुढे ते आपल्याकडे आले, बीदर म्हैसूरकडे गेले. बाजारात मराठी मात्र अजूनही चालते.

इथे यायचे ते बीदरी, म्हणजे काळ्या जस्तावर चांदीची नक्षी असलेली भांडी पाहायला. त्यांचे वय ओळखणे मात्र सोपे नाही. जुन्या इंग्रजी चहादाणीचे वय तिच्या अंगावरच ठोकलेले असते. चालता सिंह म्हणजे 92.5 टक्के चांदी, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, मुकुट शेफील्डचा आणि शेजारचे अक्षर वर्षाचे. सिंहाऐवजी ‘ईपीएनएस’ असेल तर विजेचा मुलामा, म्हणजे 1840 नंतरचे काम. कडा झिजून तांबे दिसू लागले, तर बहुधा त्याआधीची, तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली शेफील्ड घडण. बीदरीच्या भांड्यावर सहसा असे काहीच नसते. त्याचे वय घाटावरून आणि कारागिराच्या हातावरून वाचावे लागते.

हुक्क्याचेच पाहा. कड्यावर टेकवायचे गोल गरगरीत बूड जुन्या वळणाचे. घंटेसारखे, सपाट बसणारे बूड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. नक्षीचेही तसेच: तारेची म्हणजे तारकशी, पत्र्याचे तुकडे बसवले की तहनिशान.

कारखान्यात हे सारे डोळ्यांसमोर घडते. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, कानशीने साफ करतात. मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे केले की छिन्नीची रेघ उठून दिसते. त्या खाचेत चांदीची तार हलक्या हातोडीने बसते. शेवटी किल्ल्याची माती: ऊन-पाऊस न लागलेल्या जुन्या जागेतली. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतो. नवसागर घालून उकळलेल्या त्या मातीच्या पाण्यात भांडे गेले की जस्त काळेकुळकुळीत होते आणि चांदी पांढरीच राहते.

पंधराव्या शतकात बहमनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून राजधानी इथे आणली. त्यांचा वजीर महमूद गवान याचा 1472 चा मदरसा आजही शहरात उभा आहे. राजवटी गेल्या, हुन्नर टिकला. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनातही बीदरी मांडली होती.

मराठवाड्यातल्या कुणाच्या घरी जुने बीदरी पानदान किंवा सुरई असेल, तर ती चिंच-राखेने घासू नका आणि वजनावर मोडीत घालू नका. चांदी त्यात थोडीच असते. मोल आहे ते हाताचे. मऊ फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा आणि जाणकाराला दाखवा. शिक्का नसलेल्या भांड्याचा पुरावा त्या काळ्या कांतीतही असतो, ती घासून काढली की वय सांगणारी एक मोठी खूण पुसली जाते.