हलकातली अक्षरे

वर्गात ‘बडा क़ाफ’ शिकवायचा असला की मी मुलांना गळ्यावर बोट ठेवायला सांगते. छोटा काफ तोंडातल्या तोंडात, बडा क़ाफ हलकातून. गेल्या वर्षी जानेवारीत एका सकाळी मी तो म्हणायला गेले आणि घशातून नुसती हवा आली. मुले हसली, मलाही हसू आले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले, तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

उर्दू शाळेतली नोकरी हे माझे सर्वांना माहीत असलेले काम. दुसरे काम मोजक्या लोकांनाच ठाऊक आहे. चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत नव्या कामगारांना सुरक्षिततेच्या फिल्म दाखवतात. हेल्मेट कसे घालायचे, मशीनमध्ये हात कधी घालायचा नाही, वगैरे. कामगार कोणी बिहारचे, कोणी मराठवाड्याचे. म्हणून सूचना हिंदीत आणि मराठीत. त्यांतल्या काही फिल्ममधला बाईचा आवाज माझा आहे. बी.एड.च्या एका मैत्रिणीच्या ओळखीने हे काम मिळाले. फजरच्या नमाजनंतर, रस्त्यावर कंपनीच्या बसगाड्या सुरू होण्याआधी, कपाट उघडायचे, दोन रजया टांगायच्या आणि त्यात तोंड घालून बोलायचे. हाच माझा स्टुडिओ. त्या पैशांतून धाकट्या भावाची फी भरली जाते.

आवाज बसला तेव्हा हातात बेचाळीस वाक्यांचे काम होते. मी आजाराचे कोणालाच सांगितले नाही. आवाजाच्या कामात माणूस बदलायला वेळ लागत नाही, ही भीती. अम्मीने मुलेठी दिली, हळदीचे दूध दिले. मी मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणले. पिंपरीकरांचा या औषधांवर जरा जास्तच भरवसा. इथेच १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, सरकारी क्षेत्रातला देशातला पहिला पेनिसिलिनचा कारखाना. बसस्टॉपलाही आम्ही ‘एच.ए.’च म्हणतो. पण ही औषधे जंतूंना मारतात. ओरडून सुजलेल्या घशाचे ती काही करू शकत नाहीत. हे मला शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले.

त्यांनी दुर्बिणीतून पाहिले. स्वरतंतूंवर समोरासमोर दोन बारीक गाठी होत्या, हाताला घट्टे पडतात तशा. बाईमाणूस बोलते तेव्हा हे तंतू सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकांवर आपटतात. मोठ्याने बोलले की ते जास्त जोराने आपटतात. शिक्षकांमध्ये हा त्रास नेहमीचा. ऑपरेशनची घाई नव्हती. आधी आवाजाला विश्रांती, भरपूर पाणी, वाफ आणि मग बोलण्याची पद्धत बदलण्याचे व्यायाम. कुजबुजायलाही मनाई, कारण त्यानेही घशावर ताण येतो. मग त्यांनी विचारले, “वर्गात किती मुलं?” मी कागदावर लिहिले, ५८. “आणि घरात कोणाला कमी ऐकू येतं का?”

मी ‘अब्बा’ लिहिले आणि पेन तिथेच थांबले.

अब्बा १९८५ च्या सुमारास बीड जिल्ह्यातून इथे आले आणि तीस वर्षे एका प्रेस शॉपमध्ये राबले. पत्रा कापणाऱ्या प्रेसचा धडाका दिवसभर कानाशी. कानात घालायला काही मिळाले ते नोकरीच्या शेवटच्या वर्षांत. गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाना कायद्याच्या नोंदवायच्या रोगांच्या यादीत होते. पण अब्बांचे नाव कोणी कुठे नोंदवले नाही. आम्हीही त्याला म्हातारपण म्हटले. “क्या बोली? जोर से बोल,” असे ते म्हणायचे आणि मी जोरात बोलायचे. आधी शाळेत, मग घरी, रोज.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओरडून त्यांनाही फायदा नाही. गोंगाटाने आधी उंच पट्टीचे ऐकू येणे जाते. स, श, फ, ट असे आवाज निसटतात. ओरडले की पट्टी आणखी चढते आणि शब्द आणखी फाटतो. समोर बसा, तोंड दिसू द्या, खालच्या पट्टीत सावकाश बोला.

दहा दिवस मी गप्प राहिले. त्या दिवसांत काम थांबले नाही, त्याचे रूप बदलले. बेचाळीस वाक्ये पुन्हा वाचली. लांब वाक्ये तोडून छोटी केली, श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा केल्या. वर्गात मुलेच पाळीपाळीने धडा वाचू लागली, मी फळ्यावर चूक दाखवायची. कधी तोंड न उघडणारी एक मुलगी किती स्वच्छ वाचते, ते मला तेव्हाच कळले. काम देणाऱ्यांना मेसेज करून खरे काय ते कळवले. त्यांनी हिंदीचे काम दुसरीकडे दिले, मराठीचे माझ्यासाठी ठेवले. अर्धे पैसे गेले. वाईट वाटले, पण लपवले असते तर सगळेच गेले असते.

घरी पाटी आली. अब्बा उर्दू चौथीपर्यंत शिकलेले. मी लिहायचे, ते वाचायचे. एकदा त्यांनी पाटी ओढून घेतली आणि लिहिले, “अमीन सायानी कभी चिल्लाया?” दर बुधवारी रेडिओ सिलोनवर गीतमाला ऐकत वाढलेला हा माणूस. १९५२ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाला घराघरांतून ऐकणारे होते. पण सायानीसाहेब एकाच घरात येऊन बसल्यासारखे बोलायचे. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा अब्बा दिवसभर गप्प होते.

अकराव्या दिवशी रजईत तोंड घातले. आधी वीस मिनिटेच. एकतिसावे वाक्य होते, “कानात प्लग घातल्याशिवाय प्रेस शॉपमध्ये जाऊ नका.” असले वाक्य मी याआधी किती वेळा बोलले असेन, निव्वळ वाक्य म्हणून. त्या दिवशी ते तीनदा चुकले. चौथ्यांदा खालच्या पट्टीत, समोर कोणी बसले आहे असे समजून बोलले आणि ते ठीक आले.

आता अब्बांशीही तशीच बोलते. सगळे त्यांना समजते असे नाही. राहिलेले पाटीवर लिहिते. गाठी लहान झाल्या आहेत, पुरत्या गेलेल्या नाहीत. महिन्याला कामे कमीच घेते. परवा अब्बांनी विचारले, “वो प्लग वाला तेरा जुमला कितने लोग सुनते?” मी समोर बसून सावकाश म्हटले, “नवीन बॅच आली की सगळे.” त्यांनी मान हलवली आणि पाटी पुसून ठेवली.