परसदारची वाट

काकू गेली ती निसर्ग वादळानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात. वादळात तिला खरचटलंही नव्हतं. घरावरची कौलं उडाली, माळ्यावर पाणी शिरलं, आणि ती देवघराच्या चौकटीत पाय पोटाशी घेऊन बसून राहिली. चौकट सागाची, भिंत जांभ्या चिऱ्याची, दोन्ही टिकल्या. आगर मात्र गेलं. डॉक्टरांच्या कागदावर हृदयाबद्दल काही लिहिलं होतं. पाखाडीत सगळे म्हणत होते, आगर झोपलं तेव्हापासूनच ती खचली. मला पाखाडीचं म्हणणं पटतं.

श्रीवर्धनला आमच्या पाखाडीत घरांची तोंडं रस्त्याकडे आणि पाठी समुद्राकडे. ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, मग परसदार, परसदारी विहीर, आणि विहिरीपासून सुरूच्या बनापर्यंत लांबलचक, अरुंद पट्ट्यासारखं आगर. पोफळी दाटीनं उभ्या, त्यांच्यामधून डोकं वर काढलेले माड, पोफळीच्या अंगावर चढलेल्या मिरीच्या वेली, खाली केळी आणि एखादं जायफळ. दोन आगरांच्या मध्ये गुडघाभर उंचीचा चिऱ्यांचा गडगा. गडग्याला ठिकठिकाणी मोकळी जागा सोडलेली आणि तिथे पाय ठेवायला एक आडवा चिरा. तो चिरा कुणी बसवला, कधी बसवला, कुणाला सांगता येत नसे. पावलांनी तो मधोमध खोलगट झालेला होता.

काकू त्या चिऱ्यांवरून जाणाऱ्या परसदारच्या वाटेनं रोज सकाळी लक्ष्मीनारायणाला जायची. हातात परडी. निघताना परडी रिकामी असायची, कारण आमच्या परसात फक्त तगर होती आणि काकू तिची फुलं मागे घरच्या देवांसाठी ठेवायची. पुढच्या परसातली जास्वंद, त्यापुढच्या घरचा अनंत, त्यापुढे सोनचाफा, असं करत देवळाशी पोचेपर्यंत परडी भरलेली. परतताना तीत कढीलिंबाच्या काड्या, कुणाचा नव्या लोणच्याचा वाटीभर वानवळा, कुणाच्या सुनेचा औषधाचा कागद, जो काकांनी वाचून सांगायचा होता. रस्त्यानं देऊळ जवळ पडायचं. पण रस्त्यानं ती जायची ती फक्त चांगलं लुगडं नेसून, लग्नकार्याला किंवा समाचाराला. रोजचं जगणं पाठच्या दारानं चालायचं. कुणाच्या परसात सकाळी चूल पेटली नाही, कुणाच्या विहिरीवर कळशी वाजली नाही, तर काकूला ते घरी परतायच्या आत कळलेलं असे. मग ती परडी ठेवून पुन्हा तिकडे जायची.

सुपारी उतरली की ही वाट दिवसभर वाहायची. श्रीवर्धनी रोठा ही मोठ्या दाण्याची, मऊ सुपारी, नावाजलेली. अंगणात वाळत टाकलेली असोली सुपारी सोलायला चार घरच्या बायका एका पडवीत जमायच्या. आज आमच्याकडे, उद्या शेजारी. मजुरीचा हिशेब असायचा, तोही काटेकोर. पण हिशेब संपल्यावरही कुणी उठायचं नाही. मी सुट्टीत गेले की त्या घोळक्यात बसायचे. शांत गावात आपण सुट्टी घालवतो असं मला तेव्हा कधी वाटलं नव्हतं. विहिरीवरचा पंप, आगरात पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात सोडणाऱ्या गड्याची हाक, पोफळीची विरी गळून पडल्याचा आवाज, कुणाचं तरी कुणाला परसातूनच ओरडून विचारणं, आणि या सगळ्याच्या पाठी समुद्र. शांत हे विशेषण मी पुढे जाहिरातींत वाचलं.

३ जून २०२० ला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. टाळेबंदी चालू होती, रस्ते झाडांनी अडलेले, फोन मुके. काकूचा आवाज ऐकायला आम्हाला बरेच दिवस लागले. शेवटी म्हसळ्यापर्यंत आलेल्या कुणाच्या तरी फोनवरून ती बोलली. म्हणाली, “मी आहे गो. झाडं झोपली.” पुढे काही बोलली नाही.

पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, आणि एकदा धरलं की ती माणसाच्या उमेदीच्या सगळ्या वर्षांना पुरते. म्हणून आगर हे एका पिढीनं लावायचं आणि पुढच्या पिढीनं उतरवायचं असतं. पंचनामे झाले. मदत हेक्टरी पन्नास हजार ठरली. गुंठ्याला पाचशे रुपये, आणि इथली आगरं गुंठ्यांतच मोजली जातात. पुढे झाडागणिक मदतीचाही निर्णय झाला, पण पडलेली खोडं कापून बाहेर काढण्याचा खर्चच लोकांना त्याहून जड गेला. त्यात एक अडचण शहरातल्या माणसाला सुचणारसुद्धा नाही. पोफळीच्या रोपाला सावली लागते. मोठी झाडं असतात तोवर त्यांच्या सावलीत धाकटी वाढतात. सगळीच एकदम गेली तर आधी सावली लावायला हवी. काकूनं त्या वयात, आपल्याला ती सुपारी दिसायची नाही हे ठाऊक असताना, आधी केळी लावल्या. केळी वाढल्या, त्यांच्या आडोशाला तिनं रोपं लावली. ती गेली तेव्हा रोपं तिच्या कमरेइतकी होती.

तिला मूल नव्हतं. सातबाऱ्यावर माझ्या आजोबांच्या सगळ्या वारसांची नावं चढलेली. कुणी बोरिवलीला, कुणी इंदूरला, एक चुलतभाऊ न्यू जर्सीत. घर ठेवायचं कुणी, कौलं शाकारायची कुणी, आगर शिंपायचं कुणी, या प्रश्नांना एकाकडेही उत्तर नव्हतं. मी ठेवते म्हणाले असते, तर सगळ्यांचे हिस्से विकत घेण्याइतका पैसा माझ्याकडे नव्हता. घर विकलं गेलं. घेणारे पुण्याचे, सज्जन, त्यांनी भाव पाडून मागितला नाही. त्यांना निवांतपणा हवा होता. पहिलं काम त्यांनी केलं ते कुंपणाचं. गडग्याच्या जागी पुरुषभर उंचीची चिऱ्याची भिंत उभी राहिली, दोन्ही बाजूंनी, विहिरीपासून सुरूपर्यंत. बांधकाम सुबक होतं. ती वाट मधोमध तुटली.

मी त्यांना दोष देत नाही. वाट कुठल्याच कागदावर नव्हती. खरेदीखताच्या चतुःसीमेत पूर्वेस रस्ता, पश्चिमेस सुरूचं बन, दक्षिणेस अमुक यांची वाडी, उत्तरेस तमुक यांची वाडी, एवढंच होतं, आणि ते अमुक-तमुकही कधीच वारलेले. मी वकिलांना विचारलं, इतक्या पिढ्या लोक चालले, त्याला काही किंमत नाही? त्यांनी १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा समजावून सांगितला. वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा, हक्क म्हणून एखादी वाट वापरली तर तिच्यावर हक्क मिळू शकतो. पण मालकाच्या मर्जीनं, परवानगीनं चालत असाल तर कितीही वर्षं चाला, हक्क तयार होत नाही. म्हणजे शेजाऱ्यांना न विचारता, हक्कानं चाललेल्याला कायदा ओळखतो. काकू तर दर परसात थांबून, हाक मारून, फुलं मागून चालायची.

त्यानंतर मी त्याच पाखाडीत घर शोधू लागले. दलाल मला समुद्र दिसणारे प्लॉट दाखवायचे. मला समुद्राकडे पाठ केलेलं घर हवं होतं. आगराची जमीन शेतजमीन, ती शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना घेता येत नाही. म्हणून बाहेरून येणारे गावठाणातली घरं शोधतात, आणि तशी घरं थोडी. भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या आत किनारा नियमनाची कलमं लागतात, ती १९९१ पासून दोनदा नव्यानं लिहिली गेली आहेत. कुठे काय बांधता येईल हे नकाशा मांडून बघावं लागतं. हे सगळं समजून घेणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते प्रत्येक घरात शिरणं. कुलूप काढलं की आत देवघर जसंच्या तसं, कोनाड्यात उदबत्तीची राख, खुंटीला फाटकी छत्री, विहिरीवर गंजलेली कप्पी. दलाल सांगायचा, टायटल क्लिअर आहे. मला आठवायचं, या पडवीत आपण सुपारी सोलली आहे.

शेवटी एक घर मिळालं. लहान, दोन खणांचं, मिळकत पत्रिकेवर एकच नाव, मागे विहीर आणि अनंताचं जुनं झाड. झाडं वादळातली बहुतेक गेलेली, माड तेवढे वाचलेले. शेजारी माई एकट्या राहतात. काकूच्या त्या समवयस्क, सोलणीच्या घोळक्यातल्या.

नोंदणीच्या आधी मी वकिलांना एक गोष्ट सांगून ठेवली. घर आपलं झालं की लगेच शेजाऱ्यांच्या नावे वेगळा लेख करायचा: परसातून दोन्ही बाजूंच्या घरमालकांना आणि त्यांच्या वारसांना पायी जाण्यायेण्याचा कायमचा हक्क. ते म्हणाले, किंमत कमी होते अशानं, पुढे विकताना अडचण येते. मी म्हटलं, येऊ दे. कुणीतरी उद्या हे घरही विकेल, घेणारा भिंतीचं माप काढेल, तेव्हा एक कागद त्याच्या हातात पडायला हवा. जिथे माणसं होती तिथे कागद लागला नाही. आता माणसं उरली नाहीत, तर निदान कागद असू दे. यात थोडंसं वेड आहे असं घरचे म्हणतात. मला ते काकूचं राहिलेलं काम वाटतं, आणि ते मला करायचं होतं.

वाट आता देवळापर्यंत पोचत नाही. तीन परसं ओलांडली की ती पुण्याच्या माणसांची भिंत येते. माई तेवढीच चालतात, माझ्या परसातून पलीकडे आणि परत. बाकी वाटेनं गडी जातो, नारळ उतरवायला येणारा जातो.

नोंदणी झाल्यावर मी लेखाची प्रत माईंना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं, आणि माझ्याकडे बघितलं.

“अगो, चालायला कागद कशाला?” त्या म्हणाल्या. मग प्रत नीट घडी करून फडताळात ठेवली. “दाराला कडी घालू नकोस म्हणजे झालं. आणि तो अनंत छाट जरा. फांदी डोक्याला लागते.”