व्यायामशाळेचें कुलूप

चांगला चित्रपट पाहिला म्हणजे मनुष्य नायकाचें कौतुक करितो. 'कोच कार्टर' हा २००५ सालचा अमेरिकन चित्रपट पाहून आम्हांस मात्र स्वतःचाच एक अपराध आठवला.

कॅलिफोर्नियांतील रिचमंड येथील हायस्कुलांत केन कार्टर हे बास्केटबॉल शिकवीत. त्यांचीच ही खरी हकीकत. त्यांनीं खेळाडूंकडून करारपत्रावर सह्या घेतल्या होत्या: वर्गांत नियमित हजर राहावें, पुढच्या बांकावर बसावें, सामन्याच्या दिवशीं टाय बांधावा आणि ४ पैकीं सरासरी २.३ गुण मिळवावे. १९९९ च्या जानेवारींत संघानें एकहि सामना गमावला नव्हता. तरीहि १५ मुलांनीं करार मोडल्याचें दिसतांच कार्टर यांनीं सर्व ४५ खेळाडूंना व्यायामशाळा बंद केली. चित्रपटांत दारावर कुलूप आहे आणि जवळच ग्रंथालयांत येण्याची सूचना आहे. गांवांत गदारोळ उडतो, पण गुरुजी ढळत नाहींत. शेवटचा सामना तो संघ हरतो. खेळाडू मात्र पुढें महाविद्यालयांत जातात.

आमच्या हाताखालीं पूर्वीं एक मुलगा होता. हॉकींत त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता. गणितांत मात्र तो फार कच्चा. ढाल जिंकावयाची म्हणून आम्हीं त्याच्या गैरहजेरीकडे डोळेझांक केली, उत्तरपत्रिकेवर चार गुण वाढविले, आणि त्यास दया असें नांव दिलें. ढाल आली. मुलगा दहावींत गणितांत नापास झाला व त्याची शाळा सुटली.

गेल्या वर्षीं तो बसस्थानकावर भेटला. वांकून नमस्कार करून म्हणाला, "सर, माझा मुलगा तुमच्या शाळेंत येतोय. त्याला गणितांत सोडूं नका." तो रागावून बोलता तर आम्हांस इतकें लागलें नसतें.

आमची ती दया नव्हती, ढालीचा लोभ होता. कार्टर यांनीं जें कुलूप घातलें, तें मुलांच्या आधीं स्वतःच्या विजयास घातलें. विद्यार्थ्यांस कठोर वाटणाऱ्या शिक्षकाची परीक्षा येथेंच होते: त्या कठोरपणांत त्याचें स्वतःचें कांहीं जातें कीं नाहीं?

पालकहो, आपल्या पाल्यास कोणी मैदानावरून परत पाठविलें, तर रागावण्यापूर्वीं त्यास कोठें पाठविलें हें अवश्य विचारावें.

त्या मुलाचा मुलगा यंदा आमच्या वर्गांत आहे. तोहि हॉकी सुंदर खेळतो. सरावापूर्वीं रोज अर्धा तास आम्ही दोघे त्रैराशिकें सोडवितों. तोंपर्यंत त्याची स्टिक आमच्या कपाटांत असते.