दस्तुरखुद्द चार ओळी

राजकारणी पुरुषांची हस्तलिखित पत्रे जमविण्याचा छंद ज्याला जडला, त्याने आरंभीच हे ध्यानात घ्यावे की, ज्याच्या नावाने पत्र निघाले त्यानेच ते लिहिले असेल असे नाही; किंबहुना मुत्सद्दी जितका थोर, तितका त्याच्या स्वतःच्या अक्षराचा अंश थोडा. अठराव्या शतकात पेशव्यांची दिल्लीतील वकिली ज्या हिंगणे घराण्याकडे होती आणि ज्यांचे दप्तर पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केले, त्यांच्या काळचा रिवाजच असा की, मायना व मजकूर कारकुनाने बोरूने मोडीत उतरावा आणि धन्याने, मनात आलेच तर, अखेरच्या दोनचार ओळी दस्तुरखुद्द लिहाव्यात. अमेरिकेच्या अध्यक्षांची पत्रे जमविणाऱ्यांसही हाच घोर आहे. तेथे १८३३ साली जमिनींच्या सनदांवर अध्यक्षांच्या नावे सही करण्याचा अधिकार कायद्यानेच चिटणिसास मिळाला, त्यामुळे अँड्र्यू जॅक्सन यांच्या एकाच कारकिर्दीतल्या दोन सनदांपैकी एक अस्सल सहीची, तर दुसरी केवळ नावाची. केनेडींच्या काळी तर सही यंत्रच करू लागले.

नोएडास राहून दिल्लीची रद्दी धुंडाळणाऱ्या माझ्यासारख्याचा मुख्य आधार म्हणजे मंत्र्यांची अर्धशासकीय पत्रे, ज्यांना येथे सारे 'डीओ' म्हणतात. मजकूर टंकलिखित, परंतु 'प्रिय अमुक' आणि 'आपला' एवढे शब्द शाईने लिहिण्याची, आणि स्नेह असल्यास खाली एखादे वाक्य जोडण्याची पद्धत. काकासाहेब गाडगीळ, चिंतामणराव देशमुख, यशवंतराव चव्हाण अशा दिल्लीत मंत्रिपदे भूषविलेल्या मराठी पुरुषांचे पत्र समोर आले की, मी मधला मजकूर सोडून प्रथम तेच वाक्य पाहतो. वरच्या परिच्छेदांत सरकार बोलते. खाली प्रकृतीची चौकशी असते, एखाद्या उमेदवाराविषयीची नाराजी असते, क्वचित खोडलेला शब्दही असतो, आणि माझ्या मते मोल त्या खोडलेल्या शब्दाचेच.

आश्चर्य असे की, जुने कागद अधिक टिकतात. चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद आणि काजळीची शाई दोनशे वर्षांनंतरही शाबूत असते; उलट १९५० नंतरचा लाकडी लगद्याचा कागद पिवळा पडून घडीवर तुटतो आणि फाउंटन पेनची निळी शाई उजेडात विरून जाते. म्हणून भिंतीवर चौकट नको. आणि रस्त्यावरच्या दुकानातले ते तापवून चिकटविलेले प्लास्टिक तर, लोक ते मोठ्या प्रेमाने करून घेत असले तरी, कागदाचा घातच होय.

दर्यागंजचा रविवारचा ग्रंथबाजार २०१९ मध्ये पदपथावरून उठून महिला हाटात गेला. पुस्तकांत दडलेले पत्र तेथे अजून मिळते, मात्र विक्रेते आता जाणते झाले आहेत. गांधी व त्यांचे स्नेही कॅलेनबाख यांचा पत्रव्यवहार भारत सरकारने २०१२ साली लंडनच्या लिलावगृहाकडून घेऊन राष्ट्रीय अभिलेखागारात आणला, तेव्हापासून कोणतेही पिवळे पाकीट पुढे सरकविताना लंडनच्या भावाचा दाखला दिला जातो. १९७२ च्या कायद्यान्वये पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा ऐतिहासिक लेख पुरावस्तू ठरतो व खासगी व्यक्तीस तो परदेशी पाठविता येत नाही, हे मी सांगतो. विक्रेता मान डोलावतो, चहा मागवितो, आणि भाव तोच ठेवतो. मी स्वतःचे एखादे दुबार पत्र विकावयास नेले, तर मात्र त्याला कायदाही आठवतो आणि रद्दीचा दरही.